पाण्याच्या उंचीने दाब मोजणं: एककं, यू नळी आणि खान्देशातले वापर

ठिबकच्या फिल्टरवरचा गेज दाब किलोत (किलो प्रति चौ. सें.मी.) दाखवतो, फवारणी पंपाचा गेज पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौ. इंच). सबमर्सिबलच्या पाटीवर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मीटरमध्ये असतो आणि दालमिलच्या ब्लोअरवर ‘मि.मी. डब्ल्यूसी’ (वॉटर कॉलम, पाण्याच्या खांबाची उंची) लिहिलेलं असतं. चारही ठिकाणी मोजायची गोष्ट एकच, दाब. काट्याचा गेज धक्क्याने, गंजाने, उन्हाने बिघडतो आणि बिघडल्यावरही काहीतरी आकडा दाखवतच राहतो. पाण्याच्या खांबाचं तसं नाही. पट्टी बरोबर असेल, नळीत बुडबुडा नसेल आणि द्रवाची घनता माहीत असेल, तर त्याला दुसऱ्या कुठल्या उपकरणाकडून तपासून घ्यावं लागत नाही. म्हणून प्रत्येक गोबर गॅसवाल्याकडे, दालमिलमध्ये आणि केळी पिकवण्याच्या चेंबरवर स्वतःची एक यू नळी, म्हणजे यू आकारात वाकवून पाणी भरलेली पारदर्शक नळी, असावी, असं आमचं ठाम मत आहे. ती बनवायला एक दुपार पुरते.

दाब म्हणजे उंची

द्रवाच्या खांबाच्या तळाशी असणारा दाब तीन गोष्टींवर ठरतो: द्रवाची घनता, गुरुत्वाकर्षण आणि खांबाची उभी उंची. नळी जाड की बारीक, सरळ की वाकडी, याने फरक पडत नाही. पन्नास हजार लिटरच्या टाकीचं पाणी आणि बोटाएवढ्या नळीतलं पाणी एकाच पातळीला असेल, तर तळाचा दाब सारखाच.

दोन हिशोब डोक्यात पक्के बसले की बाकीचं सोपं जातं. एक चौरस सेंटिमीटर तळावर १० मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा केला, तर त्यात १,००० घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर पाणी मावतं. त्याचं वजन एक किलो. म्हणून १ किलो प्रति चौ. सें.मी. म्हणजे १० मीटर पाणी. दुसरा हिशोब: एक चौरस मीटर फरशीवर १ मि.मी. पाणी साचलं तर तेही एक लिटरच. म्हणून १ किलो प्रति चौ. मीटर म्हणजे १ मि.मी. पाणी. पहिला हिशोब ठिबक आणि पंपासाठी, दुसरा गॅस आणि हवेसाठी.

एककांचा गुंता

खाली दिलेले आकडे भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

१ किलो/चौ. सें.मी. = १० मीटर पाणी = १४.२२ पीएसआय = ०.९८१ बार = ९८.०७ किलोपास्कल = ७३५.६ मि.मी. पारा
१ बार = १०.२ मीटर पाणी = १४.५ पीएसआय = १०० किलोपास्कल
१ पीएसआय = ७०३ मि.मी. पाणी = ६.८९५ किलोपास्कल
१ मि.मी. पाणी = ९.८१ पास्कल
१ इंच पाणी = २५.४ मि.मी. पाणी = २४९ पास्कल
१ मि.मी. पारा = १३.६ मि.मी. पाणी = १३३.३ पास्कल

किलो आणि बार यांत फरक फक्त दोन टक्क्यांचा आहे. ठिबकच्या कामात तो सोडून दिला तरी चालतो. मिलीबार आणि सेंटिमीटर पाणी यांचंही तसंच: १ मिलीबार म्हणजे १०.२ मि.मी. पाणी. पण काही गोंधळ महागात पडतात. ‘इंच’ एवढंच लिहिलेलं असेल तर तो पाण्याचा इंच की पाऱ्याचा, हे आधी विचारा, कारण दोन्हींत साडेतेरा पटींहून जास्त फरक आहे. जुन्या पंपांच्या पाट्यांवर हेड फुटांत असतो: १०० फूट म्हणजे ३०.५ मीटर, म्हणजेच ३.०५ किलो. पास्कल आणि मि.मी. पाणी यांत जवळपास दहा पट अंतर आहे, त्यामुळे ब्लोअर मागवताना १५० पास्कलच्या जागी १५० मि.मी. लिहिलं गेलं, तर मोटर विनाकारण भलतीच मोठी येते.

आणखी एक भेद लक्षात ठेवावा. साधा गेज हवेचा दाब शून्य धरून मोजतो. टायरमध्ये ‘३२ हवा’ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ३२ पीएसआय जास्त. निर्वातापासून मोजलेला तो निरपेक्ष दाब. तो काढायला गेजच्या आकड्यात हवेचा दाब मिळवावा लागतो आणि हवेचा दाब जागेनुसार बदलतो. समुद्रसपाटीला प्रमाण दाब ७६० मि.मी. पारा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०९ मीटर उंचीवर आहे, तिथे तो साधारण ७४१ भरतो. तोरणमाळला, सुमारे ११५० मीटरवर, ६६० ते ६६५. पाण्यात मांडलं तर जळगाव आणि तोरणमाळ यांत एक मीटरचा फरक. १६४८ साली फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कल या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी प्युई द डोम डोंगरावर नेऊन हेच पाहिलं होतं: वर जावं तसा पारा उतरतो.

४५ अंशांत पाणी थोडं हलकं होतं

१० मीटर म्हणजे १ किलो हा हिशोब ४ अंश सेल्सिअसच्या पाण्याचा आणि प्रमाण गुरुत्वाकर्षणाचा. ३० अंशांवर पाण्याची घनता ०.९९६ होते, ४० अंशांवर ०.९९२. शिवाय आपण २१ अंश अक्षांशाजवळ आहोत, इथलं गुरुत्वाकर्षण प्रमाण मूल्यापेक्षा ०.२ टक्क्याने कमी आहे. म्हणजे मे महिन्यात खान्देशातला १० मीटरचा खांब १ नाही, ०.९९ किलो दाब देतो. शेतीच्या आणि गॅसच्या कामात हा एक टक्का सोडून द्या. गेज प्रयोगशाळेच्या अचूकतेने तपासायचा असेल तेव्हाच तो धरा.

यू नळी बनवणं

सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप, आतून ८ ते १० मि.मी. व्यासाची, साधारण ५ मीटर. १.२ मीटर लांब आणि १५ सें.मी. रुंद प्लायची पट्टी. मि.मी.च्या खुणा असलेली स्टीलची किंवा चिकटवायची टेप. ६ मि.मी.चा छोटा बॉल व्हॉल्व्ह, टी, दोन निपल, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप आणि खाण्याचा रंग. सहा मि.मी.पेक्षा बारीक नळी घेऊ नका. तिच्यात पाणी कडेला चिकटून वर चढतं आणि बुडबुडा अडकला तर सहज सुटत नाही.

१. प्लायच्या मधोमध टेप उभी लावा, शून्य मध्यावर आणि आकडे वर-खाली दोन्हीकडे जातील अशी. अशी टेप मिळाली नाही तर एकाच दिशेची सलग टेप लावा आणि दोन्ही बाजूंच्या आकड्यांची वजाबाकी करा.

२. नळी टेपच्या दोन्ही बाजूंनी उभी बसवा. खालचं वळण मोठं ठेवा, किमान ८ सें.मी. व्यासाचं. आवळून वाकवलं तर नळी चिमटते आणि पाणी सावकाश हलतं. गुंडाळीतून आलेली नळी वाकडी असेल तर दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, सरळ होते.

३. पाणी उकळून गार करा. ताज्या नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा उन्हात बुडबुडे होऊन नळीच्या भिंतीला चिकटते. त्यात रंगाचे दोन थेंब आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा थेंब टाका. साबणाने पाणी भिंतीला अडकत नाही, वाचन झटकन स्थिर होतं. थेंब एकच, जास्त झाला तर फेस येतो.

४. एका बाजूने हळूहळू पाणी ओता, दोन्ही पातळ्या मध्यावर येईपर्यंत. ८ मि.मी. नळीला ६५ ते ७० मि.ली. पाणी लागतं. बुडबुडा राहिला तर पट्टी तिरकी करून टिचकी मारत वर काढा. खांबात अडकलेला २ सें.मी.चा बुडबुडा म्हणजे वाचनात २ सें.मी.ची चूक.

५. पट्टी ओळंब्याने उभी करून भिंतीला ठोका. पाच अंश कलली तरी चूक फक्त ०.४ टक्के येते, म्हणून इथे फार काटेकोर व्हायचं कारण नाही.

६. दोन्ही तोंडं उघडी ठेवून शून्य बघा. दोन्ही पातळ्या एका रेषेत हव्यात. नसतील तर नळीत हवा आहे किंवा एखादं तोंड चिमटलं आहे.

७. मोजायच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह लावा. उघड्या बाजूच्या तोंडाशी उलटी बाटली किंवा रिकामं डबडं बसवा आणि त्याला छोटं भोक ठेवा. दाब आवाक्याबाहेर गेला तर पाणी तिथे साठतं, भिंतीवर उडत नाही.

वाचन घेताना डोळा पाण्याच्या पातळीला आणा. नळीत पाण्याची पृष्ठरेषा मध्ये खोलगट असते, तिचा खालचा तळ वाचा. दाब म्हणजे दोन पातळ्यांमधला पूर्ण फरक. डावी बाजू १२ सें.मी. खाली गेली आणि उजवी १२ सें.मी. वर आली, तर दाब २४ सें.मी. आहे, १२ नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. फक्त एक बाजू वाचून दुप्पट करणं तेव्हाच बरोबर, जेव्हा नळी दोन्हीकडे अगदी एकाच व्यासाची असते. दोन्ही बाजू वाचल्या तर व्यासाचा प्रश्नच उरत नाही.

गोबर गॅसवर

तरंगत्या टाकीचा संयंत्र असेल तर दाब आधीच हिशोबाने काढता येतो. टाकीचं वजन किलोत, भागिले टाकीचं क्षेत्रफळ चौ. मीटरमध्ये, की थेट मि.मी. पाणी मिळतं. समजा टाकीचा व्यास १.५ मीटर आणि वजन १६० किलो. क्षेत्रफळ १.७७ चौ. मीटर, दाब साधारण ९० मि.मी. बायोगॅसची शेगडी सुमारे ८ सें.मी. पाण्याच्या दाबासाठी बनवलेली असते, म्हणजे हे ठीक जमतं. टाकी हलकी असेल आणि १० मि.मी. वाढवायचे असतील, तर वर साधारण १८ किलो वजन सारखं पसरून ठेवा. एकाच कडेला ठेवलं तर टाकी कलते आणि मार्गदर्शक पाइपावर घासते.

घुमटाच्या, म्हणजे दीनबंधू प्रकारच्या संयंत्रात दाब स्थिर नसतो. रात्रभर गॅस साठतो, स्लरी बाहेरच्या कुंडीत ढकलली जाते आणि सकाळी दाब ९० ते १०० सें.मी.पर्यंत जाऊ शकतो. स्वयंपाक होत जातो तसा उतरतो. वरच्या १.२ मीटर पट्टीवर एवढा फरक बसतो, कारण प्रत्येक बाजू ५० सें.मी.च सरकते.

जोडताना आजूबाजूला विस्तव, बिडी, चालू शेगडी काहीही नको आणि जागा मोकळ्या हवेची हवी. शेगडीच्या कॉकआधी टी बसवून त्याला नळी लावा, मग व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. एकदम उघडला तर पाणी उडतं आणि गॅस मोकळा सुटतो.

आता वाचनांचा अर्थ. शेगडी बंद असताना आणि चालू असताना, अशी दोन वाचनं घ्या. बंद असताना ९० मि.मी. आणि चालू केल्यावर ८० असेल तर पाइप ठीक आहे. चालू केल्यावर ४०वर आलं, तर मधले ५० मि.मी. पाइपात खर्च होतायत: पाइप लांब आणि बारीक आहे, कुठे चेपला आहे किंवा अर्धा तुंबला आहे. घुमटाजवळ दुसरं वाचन घेतलं की दोष कुठल्या टप्प्यात आहे ते कळतं. पाण्याची पातळी सतत वर-खाली उड्या मारत असेल आणि ज्योतही तशीच फडफडत असेल, तर पाइपच्या खोलगट भागात पाणी साचलं आहे. गॅसमधल्या वाफेचं गार पाइपात पाणी होतं, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. पाइपला उतार द्या आणि सर्वात खालच्या जागी पाणी सोडायचा कॉक बसवा.

गळती तपासताना एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाइपच्या दोन्ही टोकांचे कॉक बंद करून पातळी बघत बसलो आणि तेवढ्यात पाइपावर ऊन आलं, तर कोंडलेल्या गॅसचं तापमान एक अंश वाढलं की दाब सुमारे ३३ मि.मी. वाढतो. गळती असली तरी ती झाकली जाते. उलट ढग आला की चांगला पाइपही गळका वाटतो. म्हणून ही तपासणी सूर्य उगवायच्या आधी करा, १५ मिनिटं थांबा आणि पातळी पडली तर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. काडी लावून गळती शोधू नका.

घरगुती एलपीजीचा रेग्युलेटर सुमारे ३०० मि.मी. पाणी एवढा दाब देतो. हा आकडा माहितीसाठी. ती लाइन स्वतः उघडू नका, ते काम एजन्सीच्या माणसाचं.

तिरकी नळी: थोडा दाब मोठा करून बघणं

सावदा-रावेर पट्ट्यातल्या केळी पिकवण्याच्या चेंबरमध्ये पंखे खोक्यांच्या थप्पीतून हवा खेचतात. थप्पीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक काही मि.मी.चाच असतो. उभ्या यू नळीवर ३ मि.मी. आणि ५ मि.मी. यांतला भेद डोळ्याने नीट कळत नाही. अशा वेळी नळी तिरकी करायची. एक मीटर लांब पट्टीचं एक टोक बरोबर १० सें.मी. वर उचललं, तर उभा १ मि.मी. नळीवर १० मि.मी. होऊन दिसतो. लांबी पट्टीच्या बाजूने मोजायची, जमिनीवर नाही.

एका टोकाला झाकणाची जाड प्लॅस्टिक बरणी, आतून १० सें.मी. व्यासाची, निम्मी पाण्याने भरलेली. बरणीच्या तळाशी ८ मि.मी.ची तिरकी नळी. जास्त दाबाची बाजू बरणीच्या झाकणाला, कमी दाबाची बाजू नळीच्या वरच्या टोकाला जोडायची.

इथे एक दुरुस्ती करावीच लागते, आणि घरगुती तिरक्या नळ्यांत तीच राहून जाते. नळीत पाणी पुढे सरकलं की बरणीतली पातळी थोडी खाली जाते. नळीचा व्यास ८, बरणीचा १००. क्षेत्रफळांचं गुणोत्तर ०.००६४. उभ्या नळीत ही चूक ०.६ टक्के, म्हणजे नगण्य. पण एकास दहा उतारावर तीच ६.४ टक्के होते, कारण पाणी नळीत दसपट अंतर चालतं. सूत्र असं: दाब = नळीवरची लांबी × (उतार + क्षेत्रफळांचं गुणोत्तर). पाणी १५० मि.मी. सरकलं तर दाब १५० × ०.१०६४, म्हणजे १६ मि.मी., १५ नाही. पट्टीवर खुणा करतानाच ही दुरुस्ती घालून टाका, म्हणजे दर वेळी गुणाकार नको.

उभ्या नळीला कल चालतो, तिरकीला अजिबात चालत नाही. एकास दहा उतारात एका अंशाची चूक झाली की वाचनात सतरा टक्क्यांचा फरक. स्पिरिट लेव्हल आणि लेव्हल पाइप लावून उतार पक्का करा आणि पट्टी भिंतीला स्क्रूने बसवा. हाताने धरून मोजलेला आकडा टाकून द्या.

चेंबर चालू असताना रोज एकाच वेळी, माल भरल्यावर वाचन घ्या. पंखा त्याच वेगात असूनही दाबातला फरक एकदम कमी झाला, तर हवा खोक्यांतून न जाता फटीतून पळते आहे: वरची ताडपत्री सरकली आहे किंवा दोन थप्प्यांमध्ये जागा राहिली आहे. फटीकडचा माल आणि आतला माल मग वेगवेगळा पिकतो. उलट फरक वाढला तर खोक्यांची भोकं एकमेकांसमोर आलेली नाहीत.

दालमिलचा धूळ फिल्टर

जळगावच्या दालमिलांत बॅग फिल्टरच्या, म्हणजे कापडी पिशव्यांतून हवेतली धूळ गाळणाऱ्या फिल्टरच्या, मळक्या आणि स्वच्छ बाजूंमधला फरक उभ्या यू नळीने मोजता येतो. दोन्ही बाजू बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबावर असल्या तरी हरकत नाही, नळी फक्त फरक दाखवते. चालू स्थितीत साधारण १०० ते १५० मि.मी. पाणी हा नेहमीचा आवाका. तो चढत गेला तर पिशव्या तुंबल्या. एकाएकी पडला तर एक पिशवी फाटली किंवा निसटली, किंवा दाबाचं भोकच धुळीने बुजलं. फाटली असेल तर चिमणीतून धूळ दिसते, बुजलं असेल तर दिसत नाही.

भोक ६ मि.मी.चं, पत्र्याला काटकोनात आणि आतल्या बाजूने कानस मारून सपाट केलेलं हवं. आत राहिलेली चोच हवेला अडवते आणि वाचन खोटं येतं. वळणाजवळ भोक पाडू नका, सरळ डक्टमध्ये पाडा. भोक साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारायच्या आधी यू नळी सोडवून घ्या. नाहीतर सगळं पाणी बाहेर.

काट्याचा गेज पाण्याने तपासणं

एक किलोसाठी १० मीटर पाणी लागतं, तेवढी यू नळी कोणी बनवत नाही. पण गावात जलकुंभ असतो, इमारतीवर टाकी असते. टाकीच्या खाली येणाऱ्या पाइपाच्या नळाला गेज जोडा. त्या पाइपावरचे सगळे नळ बंद हवेत, कारण पाणी वाहत असेल तर घर्षणाने दाब कमी दिसतो. गेजचा आटा थोडा सैल करून अडकलेली हवा बाहेर सोडा, पाणी आलं की आवळा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून गेजच्या मध्यापर्यंत उभी उंची टेपने मोजा. टाकीच्या तळापासून नाही, पाण्याच्या पातळीपासून. उंची १२.४ मीटर भरली तर गेजने १.२३ ते १.२४ किलो दाखवायला हवं.

गेज निवडतानाच अर्धं काम होतं. ० ते १० किलोच्या आणि १.६ वर्गाच्या चांगल्या गेजलाही पूर्ण मापाच्या १.६ टक्के, म्हणजे ०.१६ किलो चूक माफ असते. तोच गेज ठिबकच्या १ किलो दाबावर लावला तर चूक १६ टक्के झाली. ठिबकला ० ते २.५ किंवा ० ते ४चा गेज घ्या.

सँड फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन गेज लावण्यापेक्षा तीन-मार्गी कॉक लावून एकच गेज दोन्हीकडे फिरवा. गेज थोडा चुकीचा असला तरी फरक बरोबर निघतो, कारण तीच चूक दोन्हीकडून वजा होते. फरक ०.५ किलोवर जायच्या आत बॅकवॉश द्या, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुवा.

उताराच्या शेतात एक मीटर खाली उतरलं की ०.१ किलो वाढतो. तापीकाठच्या शेतात लॅटरलचं, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीचं, टोक ३ मीटर खाली असेल, तर वर १ किलो आणि खाली घर्षण वजा न करता १.३ किलो. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतो, म्हणजे खालच्या केळीला १४ टक्के पाणी जास्त. ताशी ४ लिटरचा ड्रिपर तिथे साडेचारच्या वर देतो. अशा शेताला दाब-नियंत्रित ड्रिपर घ्यावेत, किंवा लॅटरल उताराला आडव्या टाकाव्यात.

पारा आणि इतर द्रव

एक किलोसाठी पाऱ्याचा खांब फक्त ७३.६ सें.मी. लागतो, म्हणून मोह होतो. पारा वापरू नका. फुटलेल्या नळीतला पारा फटीत बसतो आणि उन्हाळ्यात त्याची वाफ खोलीत भरते. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार त्याचसाठी झाला आणि भारताने २०१८मध्ये त्याला मान्यता दिली. रॉकेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने पातळी थोडी जास्त हलते, पण ते पीव्हीसी नळी कडक करतं आणि पेट घेतं. गॅसच्या कामात त्याला जागा नाही. दुसरा कुठलाही द्रव घेतलात तर एक लिटर अचूक मोजून वजन करा. वजन ०.८२ किलो आलं तर वाचनाला ०.८२ने गुणा, मि.मी. पाणी मिळेल.

विहिरीवरच्या पंपाची ओढ

पंप पाणी ओढत नाही, बाहेरची हवा ते ढकलते. जळगावच्या हवेचा दाब पाण्याच्या सुमारे १०.१ मीटर एवढा. त्यातून ३५ अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ०.६ मीटर, फूट व्हॉल्व्ह (ओढीच्या पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह) आणि पाइपाचं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली, की हाती ६ ते ७ मीटर उरतात. पाणी त्याखाली गेलं की पंप खाली उतरवा. मोठी मोटर लावून ओढ वाढत नाही.

बोअरमधली पाण्याची पातळी हवेच्या नळीने

यावल-रावेरच्या केळी पट्ट्यात बोअरची पातळी सारखी बघावी लागते. दर वेळी पाइप उपसणं शक्य नसतं. त्यासाठी पंप उतरवतानाच ६ किंवा ८ मि.मी.ची प्लॅस्टिक नळी रायझर पाइपाला (पंपातून पाणी वर आणणाऱ्या पाइपाला) दर ३ मीटरवर टेपने बांधून खाली सोडा. टोक पंपाच्या वर दीड-दोन मीटर राहू द्या, कारण पंपाच्या तोंडाशी पाणी ढवळतं. टोकाची खोली अचूक मोजून लिहून ठेवा. पुढचं सगळं याच आकड्यावर आहे.

वरच्या टोकाला टी, एका बाजूला सायकलचा व्हॉल्व्ह, दुसऱ्या बाजूला गेज. सायकल पंपाने हवा भरत राहा. हवा नळीतलं पाणी खाली ढकलते, काटा चढत जातो आणि टोकातून बुडबुडे सुटायला लागले की थांबतो. आणखी हवा भरली तरी चढत नाही. तो आकडा म्हणजे टोकाच्या वर असलेल्या पाण्याची उंची: किलो असेल तर दहाने गुणा, पीएसआय असेल तर ०.७०३ने.

नळीचं टोक १०० मीटरवर आणि गेज २.४ किलो दाखवत असेल, तर टोकावर २४ मीटर पाणी आहे आणि पातळी जमिनीपासून ७६ मीटरवर. नळीतल्या कोंडलेल्या हवेच्या वजनामुळे एवढ्या खोलीवर सुमारे ०.३ मीटरचा फरक येतो. महिन्या-महिन्यांची तुलना करताना तो सोडून द्या.

पंप मारणं थांबवताच काटा उतरत गेला तर नळी कुठेतरी फुटली आहे किंवा वरचा जोड गळतो आहे. आधी वरचे जोड साबणाने तपासा, बहुतेक वेळा सायकलचा व्हॉल्व्हच निघतो. काटा अगदी कमी आकड्यावर थांबून राहत असेल तर नळी वरच्या बाजूलाच फुटून तिथून बुडबुडे सुटत असतील. तेव्हा पाणी खाली गेलं असं समजू नका. वाचन दोनदा घ्या: मोटर रात्रभर बंद राहिल्यावर पहाटे एकदा, आणि मोटर चार तास चालल्यावर चालू असतानाच एकदा. दोन्हींतला फरक म्हणजे उपशाने पातळी किती खचते ते. पहाटेची पातळी टिकून आहे पण हा फरक दर उन्हाळ्यात वाढतोय, तर बोअरच्या जाळीत गाळ बसतोय. दोन्ही वाचनं सोबत खाली जात असतील, तर पाणी भूगर्भातलंच कमी होतंय आणि पंप आणखी खाली सोडण्याआधी पिकाखालचं क्षेत्र ठरवावं लागेल.